चुंबकाच्या दाराशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी गिरणी कामगारांच्या संपावर किंवा किमान वेतनाच्या लढ्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो मात्र एमआरआय तपासणीपूर्वी रोग्याला जे प्रश्न विचारतात त्यांच्या इतिहासाचा. त्यावर एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, हे डॉक्टरांचे काम. तुम्ही यात कुठून शिरलात?" मी डॉक्टर नाही हे उघडच आहे. माझी शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली आणि पुढचे जे काही शिकणे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोर्च्याच्या मागे चालताना. पण हा विषय जितका डॉक्टरांचा तितकाच कामगारांचा आहे असे माझे मत आहे. ते तुम्हांला शेवटी पटले नाही, तर वाद घालण्यास मी मोकळा आहे.

प्रथम एक घटना सांगतो. २७ जानेवारी २०१८, शनिवार. मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयात एक बत्तीस वर्षांचा तरुण आपल्या नात्यातल्या बाईंना एमआरआयसाठी घेऊन आला होता. बाईंना प्राणवायू चालू होता. त्याचा सिलिंडर त्या तरुणाच्या हातात होता. वॉर्डबॉयने सिलिंडर आत घेऊन चल, यंत्र बंद आहे, असे सांगितले, अशी नातलगांची तक्रार होती. तो दारातून आत गेला, आणि त्याला काही कळण्यापूर्वी यंत्राने सिलिंडर खेचला. सिलिंडराबरोबर त्याचा हात खेचला गेला आणि हाताबरोबर तोही. सिलिंडराचे तोंड उघडले, प्राणवायू सुटला, आणि थोड्याच वेळात त्या निरोगी, धडधाकट माणसाचा प्राण गेला. तपासणी त्याची नव्हतीच. तो आला होता मदतीला. पुढे पोलिसांनी एक डॉक्टर आणि दोन कर्मचारी यांना अटक केली व शासनाने कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले.

मी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात एकच शब्द घोळत राहिला, तो म्हणजे 'बंद'. यंत्र बंद आहे असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? गिरणीचा पट्टा उतरवला की गिरणी बंद. पिठाच्या चक्कीचे बटण खाली केले की चक्की बंद. आमच्या वर्कशॉपातले लेथ यंत्र मुख्य स्विच पाडला की मुके होते. कामगाराची सारी अक्कल या एका अनुभवावर उभी असते, की आवाज थांबला म्हणजे धोका थांबला. एमआरआय हे यंत्र या अनुभवाला साफ धाब्यावर बसवते. आवाज नसताना, दिवे मालवलेले असताना, रविवारी, दिवाळीला, रात्री दोन वाजता, त्याचे चुंबक चालूच असते. हे असे का, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजावयाची नाही, म्हणून थोडे मागे जातो.

अणूच्या गर्भात एक सूक्ष्म चुंबकत्व असते, आणि बाहेरून जोरकस चुंबक लावून त्याला रेडिओलहरींनी डिवचले तर ते उत्तर देते, हे १९३८ साली अमेरिकेत राबी यांनी दाखवले. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पाण्यासारख्या साध्या पदार्थांतून हे उत्तर ऐकले. १९५२ चे नोबेल त्यांना मिळाले. त्या वेळी याचा रोग्याशी काही संबंध येईल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. रसायनशास्त्रज्ञांचे ते एक साधन होते. १९७३ साली लॉटरबर यांनी या उत्तरांतून चित्र काढता येते हे सिद्ध केले, इंग्लंडात मॅन्सफील्ड यांनी त्याची गती वाढवली, आणि ३ जुलै १९७७ रोजी डमाडियन यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या छातीचे पहिले चित्र काढले. त्याला पाच तासांना थोडाच कमी वेळ लागला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. डमाडियन यांना मिळाले नाही, आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्याचा निषेध केला. निषेधाचा हा मार्ग परवडणारी मंडळी आमच्या चळवळीत नाहीत! असो.

चित्र स्वच्छ हवे तर चुंबक जबर हवे. साध्या तांब्याच्या वेटोळ्यांतून इतका प्रवाह नेला तर ती तापून वितळतील. उपाय होता तो लायडेनच्या कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत १९११ सालीच सापडलेला. काही धातू फार थंड केले की त्यांतील विजेचा अडथळा पार नाहीसा होतो. एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो, वीजमंडळाचा आकडा लागत नाही. मात्र त्यासाठी तार द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर बुडवून ठेवावी लागते.

हेलियमवरून आठवले. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने तेथून हेलियम शोधला असे गाइड मंडळी छातीठोकपणे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले आणि फ्रेंच जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले, हे खरे. पण लॉकियर त्या साली इंग्लंडातच होते. त्यांनी तिथूनच सूर्याच्या प्रकाशातील ती पिवळी रेघ ओळखली. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणाला. तेव्हा कट्टे खरे, साहेबही खरा, फक्त तीस वर्षे इकडची तिकडे झाली. सूर्यावर प्रथम दिसलेला तो वायू आज रुग्णालयाच्या तळमजल्यावर चुंबकाला थंड ठेवतो आहे, एवढे मात्र निःसंशय.

तर चुंबक 'बंद' करणे म्हणजे तो हेलियम उकळवून बाहेर घालवणे. त्यासाठी तातडीची एक कळ असते. ती दाबली की हेलियम नळावाटे छपरावर जातो आणि मिनिट-दोन मिनिटांत चुंबक निपचित पडते. ते पुन्हा जिवंत करावयास लाखो रुपये आणि कित्येक दिवस लागतात. म्हणून ती कळ कुणी सहजासहजी दाबत नाही, आणि दाबावी की नाही याचा विचार करण्यात जीव जाण्याजोगा वेळ निघून जातो. सर्वसाधारण रुग्णालयातील यंत्र दीड टेस्लाचे असते. पृथ्वीचे जे चुंबकत्व होकायंत्राची सुई फिरवते, त्याच्या सुमारे तीस हजार पट. आणखी एक फसवी गोष्ट अशी की ही ओढ हळूहळू वाढत नाही. दारात उभे असता हातातली वस्तू जराशी जड वाटते. आणखी दोन पावले टाकली की ती हातात राहात नाही. ज्याला सावध होण्यास उसंत हवी त्याला ती मिळत नाही. म्हणून सारी सावधगिरी दाराच्या अलीकडे घ्यावी लागते, आणि दाराच्या अलीकडे माणसाजवळ हत्यार एकच, ते म्हणजे प्रश्न.

हे प्रश्न कुणी एका दिवशी बसून लिहिले नाहीत. प्रत्येक प्रश्नामागे कुणीतरी आंधळे झाले आहे किंवा मेले आहे. कामगार कायद्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुटी मागितली, ती मिळावयास १८९० उजाडले. मधल्या सहा वर्षांत यंत्रांनी किती बोटे खाल्ली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. नियमाची शाई आधी कुणाच्या तरी अंगातून काढावी लागते.

आता यादीतला जो प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे त्याची हकीकत. १९८६ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका रोग्याचे वृत्त छापून आले. हा मनुष्य पत्र्याचे काम करणारा कामगार होता. कधीकाळी कामावर असताना त्याच्या डोळ्यात लोखंडाचा एक कण शिरला होता, तांदळाच्या कणीएवढा. तो तिथेच राहिला, भोवती मांस धरले, दृष्टीला काही झाले नाही, आणि बहुधा तो स्वतःही ते विसरला होता. एमआरआयच्या चुंबकात गेल्यावर तो कण जागचा हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. ते यंत्र आजच्या यंत्रांच्या मानाने अगदी अशक्त होते. त्या एका डोळ्यापासून जगभरच्या अर्जांत एक ओळ आली: डोळ्याला धातूची इजा कधी झाली होती का? उत्तर होकारार्थी असेल आणि कण पुरता निघाल्याची खात्री नसेल, तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावयाचा, मग पुढचे पाहावयाचे.

आता आपल्याकडे या. साखर कारखान्याचा हंगाम संपला की दुरुस्तीचे दिवस येतात, शेकडो वेल्डर आणि फिटर कामाला लागतात. सेलू-मानवतच्या जिनिंगमधले मिस्त्री, ट्रॉल्या आणि नांगरांचे फाळ जोडणारी गावोगावची वेल्डिंगची दुकाने, ग्राइंडरवर ग्रिल घासणारी पोरे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५व्या कलमाने अशा कामाला चष्मा किंवा पडदा द्यावा असे सांगितले होते. पण जिथे दोन माणसे आणि एक पत्र्याची शेड आहे तिथे कायदा पोचतच नाही, आणि चष्मा म्हणजे जत्रेत घेतलेला काळा गॉगल. डोळ्यात कण गेला तर सोबती रुमालाच्या टोकाने काढतो. खेड्यात जिभेच्या शेंड्याने कण काढणाऱ्या जाणत्या बायका असत, त्यांच्याकडे जावयाचे. कण निघाला असे ती म्हणाली की निघाला. कुठे नोंद नाही, चिठ्ठी नाही. माझे वडील पूर्णेच्या लोकोशेडात फिटर होते. त्यांचा डोळा वर्षातून दोनदा तरी लाल होई आणि आई दुधाची घडी ठेवी. 'इजा' हा शब्द आमच्या घरात त्याला कधीच लावला गेला नाही. इजा म्हणजे हात तुटणे.

माझ्या स्वतःच्या वेळची गोष्ट अशी. बारा वर्षे मी ग्राइंडरवर आणि वेल्डिंगवर काढली, मग युनियनचे काम पूर्ण वेळ पत्करले. काही वर्षांपूर्वी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मी एका मोठ्या शहरात गेलो. केंद्राचे नाव घेत नाही. खिडकीवरच्या मुलाने एक इंग्रजी छापील कागद काढला, माझ्याकडे न पाहता पेनाने वरपासून खालपर्यंत 'नाही'च्या चौकटीत सतरा-अठरा टिचक्या मारल्या आणि सहीपुरता कागद माझ्यापुढे सरकवला. मी, ज्याने हजारो कामगारांना 'न वाचता सही करू नका' म्हणून सांगितले, त्या मी सही केली! कंबर दुखत होती, रांग मोठी होती, आणि इस्पितळात शिरले की आपण सगळेच थोडे लहान होतो.

आत कपडे बदलण्याच्या खोलीपाशी एक तंत्रज्ञ मुलगी होती. तिने तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "मामा, कागद राहू द्या. मला सांगा, काम काय करता?"

"युनियनचं."

"त्याच्या आधी?"

"वेल्डिंग, ग्राइंडर. बारा वर्षं."

"डोळ्यात कण जायचा का?"

"जायचा की ताई. कुणाच्या जात नाही?"

ती थांबली. मला परत पाठवून तिने डोळ्यांचा एक्स-रे काढावयास लावला. अर्धा दिवस गेला, वर पैसे गेले, शेवटची एसटी चुकली. मी बराच वेळ कुरकुर केली हेही कबूल करतो. एक्स-रे स्वच्छ निघाला. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. त्या पत्र्याच्या कामगाराची हकीकत मला ठाऊक झाली ती पुढे दोन महिन्यांनी, वाचताना. त्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

त्या मुलीने केले ते काय? तिने प्रश्नाची भाषा बदलली. 'तुमच्या शरीरात धातूची बाह्य वस्तू आहे काय' असे विचारले तर आपल्याकडील शंभरांपैकी बहुतेक जण नाही म्हणतील. 'काम काय करत होता' याला खोटे उत्तर कुणी देत नाही. बायकांच्या बाबतीतही तेच. दागिने काढा म्हटले की बाई मंगळसूत्र, जोडवी काढते, पण बांगडीला अडकवलेल्या चार सेफ्टी पिना तिच्या हिशेबी दागिना नव्हेत. पुरुषाच्या करदोट्यातली किल्ली, बंडीच्या आतल्या खिशातली तंबाखूची डबी, दंडावरचा ताईत, यांना कुठल्याही छापील अर्जात नाव नाही. सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण यंत्राच्या लहरींनी धातू तापू शकतो. म्हणून तेही बाहेरच ठेवावे लागते.

डोळ्याप्रमाणेच मेंदूची हकीकत आहे. मेंदूतील फुगलेली रक्तवाहिनी बांधावयास शस्त्रवैद्य एक बारीक धातूचा चिमटा बसवतात. १९९२ साली अमेरिकेत असा चिमटा असलेल्या रोग्याला एमआरआयसाठी नेले. चिमटा कोणत्या जातीचा हे ओळखण्यात चूक झाली होती. तो चुंबकाला ओढला जाणारा निघाला, वाहिनी फाटली आणि रोगी दगावला. तेव्हापासून नुसते 'बसवला आहे का' एवढे पुरेसे नाही, 'कोणता, त्याचा कागद दाखवा' असे विचारू लागले. हृदयाला ताल देणाऱ्या पेसमेकरचे कित्येक वर्षे 'असला तर तपासणी नाही' असे सरळ होते. २००८ नंतर विशिष्ट अटींवर चालणारे पेसमेकर निघाले आणि प्रश्न सोपा होण्याऐवजी अवघड झाला, कारण आता कोणता चालतो आणि कोणता नाही हे कळण्यास पुन्हा कागदच लागतो. २००५ पासून अशा वस्तूंवर तीन प्रकारच्या खुणा ठरल्या: निर्धोक, अटींवर चालणारी, आणि आत नेऊच नये अशी. माझी श्रोत्यांना विनंती एवढीच की घरात कुणाच्या शरीरात काही बसवले असेल तर त्याचे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. ती पिशवी आपल्या घरात कधी हरवत नाही.

मात्र सर्वांत मोठा हिसका बसला तो २००१ च्या जुलैत. न्यूयॉर्कजवळ वेस्टचेस्टर येथील रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, गुंगी देऊन एमआरआयमध्ये निजवला होता. नळातून येणारा प्राणवायू बंद पडला. भूलतज्ज्ञाने हाक दिली, धावपळ झाली आणि कुणीतरी बाहेरचा लोखंडी सिलिंडर आत दिला. त्या सिलिंडराने यंत्राकडे झेप घेतली आणि मुलाच्या डोक्याला लागला. दोन दिवसांनी मूल गेले. तेथे कुणी दुष्ट नव्हते. सगळे जण मुलाला वाचवावयासच धावले होते. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने एक मार्गदर्शक पत्रिका काढली. तिने यंत्राभोवतीची जागा चार टप्प्यांत विभागली. पहिल्यात कुणीही यावे. दुसऱ्यात चौकशी व्हावी. तिसऱ्याचे दार कुलूपबंद असावे आणि किल्ली शिकवलेल्या माणसाकडेच असावी. चौथा टप्पा म्हणजे खुद्द चुंबकाची खोली. आपले वाडे आठवा. देवडीवर माणूस बसलेला असे, तो ओळख विचारल्याशिवाय चौकात सोडत नसे, आणि माजघरापर्यंत तर परक्याची मजलच नसे. कल्पना तीच. फरक इतकाच की देवडीवरच्या माणसाला वाड्यात कोण राहते हे ठाऊक असे.

आपल्याकडे हीच माहिती कशी झिरपली? भारतात हे यंत्र १९८०च्या दशकात दिल्लीत आले, मग मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. यंत्र आले त्या वेगाने देवडी आली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात, नवी मुंबईतील खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, सिलिंडरासह एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ यंत्राला खिळून राहिले. चार तास! चुंबक मारणारी तातडीची कळ उपयोगी पडली नाही, असे वृत्तपत्रांनी त्या वेळी लिहिले. दोघे वाचले, पण जबर जखमी झाले. त्याला सव्वातीन वर्षे होतात न होतात तोच त्याच महानगराच्या दुसऱ्या टोकाला नायरची घटना घडली. खारघरचा धडा मुंबई सेंट्रलला का पोचला नाही, हा प्रश्न मला या सबंध इतिहासात सर्वांत जाचतो. कारण परदेशी नियतकालिक इथे वाचले गेले नाही असे म्हणण्याची सोय येथे नाही. अंतर लोकलचे आहे.

माझे उत्तर असे की धडा ज्याच्यापर्यंत पोचावयास हवा होता तो माणूस रुग्णालयाच्या हजेरीपटावर कधी असतो, कधी नसतो. स्ट्रेचर ढकलणारा कोण? सिलिंडर उचलणारा कोण? फरशी पुसावयास लोखंडी बादली घेऊन रात्री आत जाणारी कोण? बहुधा ठेकेदाराची माणसे. आज इथे, पुढल्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी. प्रशिक्षणाचा वर्ग भरतो तो डॉक्टरांचा आणि तंत्रज्ञांचा. त्यांना चुंबक सदैव चालू असते हे ठाऊकच असते. ज्याला ठाऊक नसते तो वर्गाला नसतो, कामाला असतो. आणि माणसे कमी पडली की ते काम रोग्याच्या नातलगावर येते. नायरच्या त्या तरुणाने त्या संध्याकाळी जे केले ते वस्तुतः हमालाचे काम होते, बिनपगारी आणि बिनशिकवणीचे.

कायद्याचे म्हणाल तर येथे एक चमत्कारिक फट आहे. एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, कारण त्यांतून घातक किरण निघतात. एमआरआयमध्ये ते किरण नाहीत. हा त्याचा मोठा गुणच. पण त्याच गुणामुळे ते त्या मंडळाच्या कक्षेबाहेर राहते. धोका आहे, पण तो त्या मंडळाच्या वहीतल्या जातीचा नाही.

हे केवळ आपल्याच दारिद्र्याचे फळ आहे असेही कुणी समजू नये. २०२१ मध्ये दक्षिण कोरियात प्राणवायूच्या सिलिंडरानेच एक रोगी मेला. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर एक गृहस्थ पत्नीला तपासणीच्या फळीवरून उठवावयास म्हणून आत गेले. त्यांच्या गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलोंची साखळी होती. तेही गेले. पुन्हा मदतीला गेलेलाच माणूस. रोग्याला प्रश्न विचारण्याची शिस्त जगाने बरीच बसवली आहे. सोबत आलेल्याला कुणी विचारत नाही.

२०२३ साली परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील मुले उद्या डॉक्टर होऊन अशा दारांवर उभी राहतील. त्यांना शिकवणारे समर्थ आहेत, मी काय सांगणार? मी आमच्या युनियनच्या कार्यालयात मात्र एक केले. जिथे ग्रॅच्युइटीचा तक्ता टांगला आहे त्याच्या खाली एक पुठ्ठा लावला. त्यावर मराठीत लिहिले आहे: एमआरआयला जाताना सांगा, वेल्डिंग केले का, ग्राइंडर चालवला का, डोळ्यात कण गेला होता का, अंगात सळई, छर्रा, पेसमेकर आहे का. आणि सोबत येणाऱ्याने खिसे बाहेरच रिकामे करावेत. सिलिंडर कुणीही सांगितले तरी उचलू नये.

पुठ्ठा लावल्यावर तिसऱ्या दिवशी आमचा एक जुना फिटर तो वाचत उभा राहिला. मग मजजवळ येऊन उजव्या डोळ्याखाली बोट ठेवून म्हणाला, "साहेब, ते गंगाखेडच्या कामावरचं निघालंच नव्हतं बरं का." सोमवारी त्याच्या गुडघ्याची तपासणी ठरली होती. मी त्याला कागद आणि पेन दिले आणि त्याने स्वतःच्या हाताने ते एक वाक्य लिहून, घडी घालून, रिपोर्टांच्या पिशवीत ठेवले.